कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा

ऑफिसात सगळे त्यांना खोडरबरताई म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना राग येत नसे. एखाद्याला पैलवान म्हटलं की तो जशी छाती पुढे काढतो, तशा त्या हे नाव ऐकून चष्मा नीट करत.

नाव पडायला कारणही तसंच होतं. त्या भागात अकरा दवाखाने चालवणारी एक संस्था होती. तिच्या मुख्य कचेरीच्या तळमजल्यावर, औषधांच्या खोक्यांना लागून ताईंची खोली. दर सोमवारी अकरा दवाखान्यांतून अकरा थैल्या येत. थैलीत त्या आठवड्याच्या चिठ्ठ्या. प्रत्येक पेशंटच्या प्रत्येक भेटीची एक चिठ्ठी: नाव, वय, गावाचा कोड, तक्रार, औषध. ताईंनी चिठ्ठी तपासायची, कॉम्प्युटरवर चढवायची, गठ्ठा बांधून ठेवायचा. पण गठ्ठा बांधण्याआधी त्या आणखी एक काम करत, जे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. चिठ्ठीवर छापील रकान्यांच्या बाहेर कोणी काही खरडलं असेल तर ते खोडून टाकत. कुणी समासात फोन नंबर लिही, कुणी हिशेबाची बेरीज करी, एका डॉक्टरांना बोलता बोलता मांजरं काढायची सवय होती. ताईंच्या टेबलावरून गेलेल्या चिठ्ठीवर मांजर राहिलं नाही. सव्वीस वर्षं त्यांनी हे काम डोळ्यांत तेल घालून केलं होतं, आणि निवृत्तीला आता जेमतेम तीन महिने उरले होते.

त्याच सुमाराला नकाशेवाल्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, तुरुतुरु चालणाऱ्या, आणि चहा पूर्ण थंड झाल्याशिवाय न पिणाऱ्या. दवाखाने कुठे आहेत, पेशंट कुठून येतात, कुठे गर्दी आहे आणि कुठे उगाच दोन दवाखाने एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेत, हे नकाशावर मांडून दाखवण्यासाठी संस्थेने त्यांना बोलावलं होतं. सगळा आधार ताईंनी भरलेल्या आकड्यांचा. म्हणून मॅडमनी पहिला मान त्यांना दिला. वर बोलावून खुर्ची पुढे सरकवली.

"ताई, मी बऱ्याच ठिकाणी हे काम केलंय. पत्त्याचा रकाना सगळीकडे अर्धा रिकामा असतो. तुमच्याकडे सव्वीस वर्षांत एकही रिकामा नाही. हात जोडले तुम्हाला!"

ताईंनी चष्मा नीट केला. पडद्यावर सगळा प्रदेश पसरला होता. प्रत्येक गावावर लाल ठिपका, जितके पेशंट तितका मोठा. तीन नंबरच्या दवाखान्याभोवती, म्हणजे बाजाराच्या गावाभोवती, ठिपक्यांची पखरण होती. तिथून चार किलोमीटरवर सात नंबर, डोंगराच्या पायथ्याशी. त्याच्यावर एकच ठिपका, पण चांगला गरगरीत.

"हा बघा, सातचा. शंभरातले शहाण्णव पेशंट त्याच गावचे. आणि गावापासून तीन नंबर चार किलोमीटर. पक्का रस्ता, अर्ध्या तासाला बस. म्हणजे सात बंद करून तिथली सिस्टर तीनला आणली तर कुणाचंच काही बिघडत नाही. एकोणीस तारखेच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे."

ताईंनी सातच्या वर बघितलं. तिथे डोंगर होता, आणि डोंगरात पाच बारीक काळे चौकोन.

"ही घरंच ना?"

"हो, वस्त्या आहेत पाच. माणसं राहतात, पण आजारी पडत नाहीत बहुतेक. हवा चांगली असेल!" मॅडम हसल्या आणि थंड चहाचा घोट घेतला.

ताईंना हसू आलं नाही. त्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. सव्वीस वर्षांपूर्वीचा एक फोन त्यांना शब्दन्‌शब्द आठवला. त्या नव्या, सातची सिस्टरही नवी. सिस्टरनी विचारलं होतं, "ताई, वरच्या वस्त्यांना यादीत कोडच नाही. काय लिहू?" आणि त्यांनी म्हटलं होतं, "रकाना रिकामा नको, अहवाल परत येतो. तुमच्या दवाखान्याच्या गावाचाच कोड टाका." तो कोड होता एकोणीस. सिस्टरनी तेव्हापासून इमानदारीत एकोणीस टाकला होता. वरच्या पाच वस्त्यांमधली माणसं सव्वीस वर्षं आजारी पडत होती, डोंगर उतरून येत होती, आणि कागदावर खालच्या गावात राहत होती.

त्या दिवशी ताई मॅडमना काही बोलल्या नाहीत. का, ते त्यांना नीट माहीत होतं: भीती वाटली. ज्या कामाची शाबासकी मिळाली, तेच काम चुकीचं होतं. असं उठून कोण सांगतं!

घरी नवरा पुढच्या खोलीत मशीनवर बसला होता. तो शिंपी, चाळीस वर्षं त्याच खिडकीपाशी. आतल्या पलंगावर सासूबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून पडून. हाड जुळलं होतं, पण जिभेला एक दिवसही विश्रांती मिळाली नव्हती. ताईंनी सगळं सांगितलं.

"बंद होऊ दे की," नवरा म्हणाला. मग मान वर करून बायकोचं तोंड पाहिलं आणि पाय मशीनवरून काढला. "अगं, गंमत केली. पण चूक तुझी आहे हे नक्की ना?"

"नक्की. मीच सांगितलं तसं."

"मग माप चुकलं तर उसवायचं. कापडाला नावं ठेवून शर्ट होत नाही."

"आणि लोक हसतील ते?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "लोक तसेही हसतातच. खोडरबर म्हणतात तुला!"

दुसऱ्या दिवशी ताईंनी रजा टाकली आणि सात नंबरच्या दवाखान्याकडे जाणारी बस पकडली. इतक्या वर्षांत त्या अकरापैकी एकाही दवाखान्यात गेल्या नव्हत्या. काम कागदाशी, जायचं कशाला? बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत चढाची गल्ली होती आणि तेवीस पायऱ्या. वर पोचेपर्यंत ताईंचा उजवा गुडघा बोलायला लागला. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर लांब पडवी, पडवीत दोन बाकं, आणि बाकांवर वीसेक माणसं गप्प बसलेली. दवाखान्याला खेटूनच सिस्टरचं घर. दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते.

सिस्टर दारात आल्या. चौपन्न वर्षांच्या, हडकुळ्या. आवाज मात्र दोन माणसांचा. ताईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. "नाव? वय? आधी बसा. धापा टाकताय. आत्ता बी.पी. घेतलं तर मशीनच घाबरेल." आणि चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्यांनी आकडा लिहिला: १०.

ताई त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. हा आकडा त्यांनी हजारो वेळा पाहिला होता. सातच्या चिठ्ठ्यांवर नेहमी असे: पाच, दहा, वीस, तीस. रांगेचा नंबर असेल असं समजून त्या खोडत आल्या होत्या.

"हे काय लिहिलंत?"

"किती मिनिटं बसवायचं ते. पाच रस्त्याची, पाच तुमच्या गुडघ्याची."

बाकाच्या टोकाला काठीवर हनुवटी टेकून बसलेले एक आजोबा म्हणाले, "मला वीस दिलीत. शाळेत मास्तर उभं करायचे, या बाई बसवतात. शिक्षा काही चुकत नाही."

"दोन तास डोंगर उतरून येता आजोबा, वीसच दिलीत हे नशीब." सिस्टर ताईंकडे वळल्या. "चालून आलेल्या माणसाचं बी.पी. लगेच घेतलं तर वाढलेलंच येतं. पहिल्या वर्षी मी चारजणांना फुकटच्या गोळ्या चालू केल्या होत्या. तेव्हापासून हा नियम. गावातला माणूस असेल तर कोपरा कोरा. पहिल्या वस्तीवरून आला तर पाच, दुसरीहून दहा, तिसरीहून वीस, चौथी-पाचवीहून तीस. गर्दीत लक्षात राहत नाही, म्हणून लिहिते. पण तुम्ही कोण?"

ताईंनी सांगितलं. सिस्टर एकदम खुलल्या. "म्हणजे फोनवरच्या तुम्ही! मग हे तर तुम्ही सव्वीस वर्षं बघताय."

"बघत नव्हते," ताई म्हणाल्या. "खोडत होते."

सिस्टरना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. दवाखाना बंद होणार हे ऐकल्यावर मात्र खाली बसल्या. आजोबांनी विचारलं, "मग आम्ही तीन नंबरला जायचं? उतरायला दोन तास, मग बस, मग तिथली रांग. परत चढायला तीन तास. दिवस तिथेच मावळायचा. त्यापेक्षा बी.पी. वाढलेलंच बरं." आजोबा हे चेष्टेने म्हणाले नव्हते.

परतीच्या बसमध्ये ताईंनी स्वतःला मनातल्या मनात पोटभर शिव्या घातल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ! पुरावा चिठ्ठीगणिक हातात येत होता, आणि त्या रोज रबर घेऊन तो पुसत होत्या. कचेरीत जाऊन त्यांनी जुने गठ्ठे सोडले, एकेक चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. काही दिसेना. रबर चांगल्या प्रतीचा होता, हातही वळणाचा होता. एवढं नीटनेटकं काम बघून त्यांना पहिल्यांदा रडू आलं.

आणि डोळे पुसताना नजर कोपऱ्यातल्या कपाटावर गेली. सासूबाईंचं हाड मोडलं तेव्हा ताई चार महिने रजेवर होत्या. बदलीवर आलेल्या कारकुनाने आकडे तेवढे कॉम्प्युटरवर चढवले होते. खोडायचं, लावायचं, बांधायचं सगळं ताईंसाठी तसंच कपाटात कोंबून ठेवलं होतं. आल्यावर ताईंनी त्याला आळशी, कामचुकार, काय काय म्हटलं होतं. तो ढिगारा उपसायला वेळ मिळाला नव्हता आणि कुणाला दिसू नये म्हणून त्या कपाटाला कुलूप घालत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांनी कुलूप काढलं. सातच्या बाराशे चाळीस चिठ्ठ्या. कोपऱ्यात पेन्सिलीचे आकडे, सगळे जसेच्या तसे.

मग त्या नकाशेवाल्या मॅडमकडे गेल्या आणि फोनपासून कपाटापर्यंत सगळं सांगितलं. मॅडमचा चहा पार निवला तरी त्यांनी तो उचलला नाही.

"ताई, मिनिटं म्हणजे गाव नव्हे. बैठकीत कोणीही विचारेल: वीस मिनिटं बसला म्हणजे तिसऱ्या वस्तीचाच कशावरून? दमेकरी असेल, म्हातारा असेल."

"मग काय लागेल?"

"पडताळा. माणसाला विचारून गाव लिहायचं आणि शेजारी सिस्टरचा आकडा. दोन्ही जुळतात का बघायचं. बैठकीला नऊ दिवस आहेत."

"नऊ दिवसांत सातचे चार दवाखाना-दिवस येतात," ताई म्हणाल्या. "मी बसते तिथे."

त्या चारही दिवस बसल्या. सकाळच्या पहिल्या बसने जायचं, तेवीस पायऱ्या चढायच्या, सिस्टरने दिलेली दहा मिनिटं मुकाट बसून काढायची आणि मग वही उघडायची. कुठून आलात? घरातून किती वाजता निघालात? काही बायका आधी बिचकल्या. ही बाई कागद करून आपल्याला कुठे पाठवते की काय! काठीवाल्या आजोबांनी त्यांना समजावलं, "घाबरू नका. या बाईंनी आपल्याला सव्वीस वर्षं खाली राहायला ठेवलं होतं, आता वर सोडायला आल्यात." ताईंना ते झोंबलं, पण त्यांनी मान हलवली. खोटं काय होतं त्यात?

चार दिवसांत एकशे अठरा माणसं झाली. त्यांतल्या एकशे नऊजणांचा आकडा आणि वस्ती बरोबर जुळली. उरलेल्या नऊ जणांत ताईंसारखे गुडघेवाले, दोन दमेकरी आणि एक बाई, जी दिराशी भांडून तिरीमिरीत आली होती म्हणून सिस्टरनी तिला वीस मिनिटं जास्त दिली होती. तेवढं धरून मॅडमनी बाराशे चाळीस चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. गावातले निघाले दोनशे सत्त्याऐंशी. बाकी सगळे वरचे. त्यांतही सहाशेच्या वर तिसऱ्या वस्तीचे आणि तिच्या पलीकडचे.

बैठकीच्या आदल्या दिवशी मॅडम ताईंच्या खोलीत आल्या. दार लोटून घेऊन म्हणाल्या, "मी मांडताना 'कोडच्या यादीतली त्रुटी' असं म्हणते. तुमचं नाव घ्यायची गरज नाही. तीन महिन्यांत निवृत्त होताय, कशाला?"

ताईंना तो मोह झाला, खोटं कशाला बोला. रात्रीपर्यंत झाला. पण त्यांनी मनाशी हिशेब केला: यादी चुकली म्हटलं की यादीवर समिती बसणार, समितीला वर्ष लागणार, आणि तोवर सातला कुलूप. एक बाई उभी राहून 'मी चुकले, हे असं चुकलं' म्हणाली तर बाकीच्यांना शोधायला काही उरत नाही.

एकोणीस तारखेला सकाळी अकराला त्या वरच्या मजल्यावर लांब टेबलाच्या शेवटी उभ्या राहिल्या. टेबलाच्या डोक्याशी मोठे डॉक्टर, संस्थेचे प्रमुख, ज्यांच्या नाकावर माशी बसत नसे. ताईंनी साडीचा पदर खोचला आणि बोलायला लागल्या. फोन सांगितला. एकोणीस नंबरचा कोड सांगितला. रबरही सांगितला. कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी थांबून त्या माणसाकडे पाहिलं, आणि तो हसायचा थांबल्यावर पुढचं वाक्य सुरू केलं.

"सव्वीस वर्षं?" मोठे डॉक्टर म्हणाले. "सव्वीस वर्षं तुमच्या आकड्यांवर आम्ही औषधं पाठवली!"

"हो सर. औषधं बरोबर गेली, कारण माणसं मोजलेली बरोबर होती. फक्त त्यांची घरं मी चुकीच्या जागी ठेवली. ती परत जागेवर ठेवून मला घरी जायचंय."

मॅडमनी पडदा बदलला. गरगरीत ठिपका बसला, आणि डोंगरातल्या पाच काळ्या चौकोनांवर लाल ठिपके उगवले. मग मोठे डॉक्टर खुर्चीत पुढे झाले. "म्हणजे सात बंद करायचा प्रश्नच नाही. पण मला सांगा, एवढी माणसं वर आहेत, तर दवाखाना खाली काय करतोय?"

ताईंना हा प्रश्न सुचलाच नव्हता. त्या दवाखाना वाचवायला आल्या होत्या. मॅडमनी शांतपणे बोट ठेवलं: तिसरी वस्ती, पाचांच्या मध्ये. खालच्या गावाला तीन नंबर चार किलोमीटरवर होताच. दहा मिनिटांत ठराव झाला. सात नंबर वर जाणार. औषधांची गाडी कच्च्या रस्त्याने आठवड्यातून एकदा वर जाईल.

सगळे उठले, कुणी ताईंचं अभिनंदनही केलं. त्यांच्या डोळ्यांपुढे दवाखान्याला खेटलेलं घर आणि दोरीवरचे कपडे येत होते. सिस्टर उंबरा ओलांडून कामावर जात होत्या. आजोबांपेक्षा पाय तरणे असले तरी आता त्यांना चढायला दोन तास, उतरायला दीड, तेही चौपन्नाव्या वर्षी. आगीतून काढून फुफाट्यात घातलं म्हणतात ते याला! त्यांनी स्वतः फोन केला. दुसऱ्या कुणाकडून कळलेलं त्यांना चाललं नसतं.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबरच आहे," इतक्या वेळाने आणि इतक्या हळू म्हणाल्या की ताईंना आवाज ओळखू येईना. मग "बघते," म्हणून फोन ठेवला. त्या "बघते"ने ताईंना पुढचे दोन महिने नीट झोप लागू दिली नाही. बदलीचा अर्ज येईल, म्हणून त्या रोज टपाल बघत. त्याच दिवसांत त्यांनी यादीत पाच नवे कोड घातले, त्रेचाळीस ते सत्तेचाळीस.

निवृत्तीच्या आठवड्यात, सोमवारी, नव्या सातची पहिली थैली आली. ताईंनी ती सगळ्यांत आधी सोडली. कोड त्रेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस. कोपरे बहुतेक कोरे. कुठे पाच, कुठे दहा. चौथ्या-पाचव्या वस्तीवाल्यांनाही दहाच्या वर कोणाला बसवलं नव्हतं. ताई एकेक चिठ्ठी उलटत राहिल्या, आणि गठ्ठ्याच्या मधोमध थांबल्या.

कोपऱ्यात तीस लिहिलेलं होतं. अक्षर सिस्टरचं नव्हतं. जाड, थरथरतं, पेन्सिल दाबून काढलेलं. त्याखाली त्याच हाताने: 'वीस मिनिटं रस्त्याची. चढ आहे म्हणून दहा जास्त. बाई ऐकत नव्हत्या, काठी आडवी धरून बसवलं.'

नावाच्या रकान्यात सिस्टरचं नाव होतं. वय चौपन्न. तक्रार: नाही. बी.पी.: ठीक.

ताईंचा हात सवयीने रबराकडे गेला होता. त्यांनी रबर उचलला आणि पिशवीत टाकला, घरी न्यायच्या सामानात. मग चिठ्ठी कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. गावाचा कोड सिस्टरनी स्वतःच्या हाताने भरला होता: एकोणीस. ताईंनी तो दोनदा तपासला. बरोबर होता.